अल्ट्रामॅन ट्रिगर बघितली का कोणी? (टिगावाल्यांनी जरूर यावे)

गोल्झा_९६

आधीच सांगतो, धाग्यात शेवटापर्यंतचं सगळं फोडलेलं आहे. ज्यांना मालिका कोरी बघायची आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं.

'अल्ट्रामॅन ट्रिगर: न्यू जनरेशन टिगा' ही अल्ट्रामॅन या जपानी महाकाय नायकांच्या मालिकांमधली एक, जुलै २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात टीव्ही टोकियोवर दर शनिवारी सकाळी नऊला लागायची. एकूण २५ भाग. त्याच वेळी यूट्यूबवर सबटायटल्ससकट मिळत होती, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी पाहिली असेल. मी तेव्हा अर्ध्यात सोडली होती, आता दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यापासून शेवटापर्यंत नेटाने संपवली. संपल्यापासून डोक्यात जे चाललंय ते इथे ओततो.

ज्यांना टिगा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. 'अल्ट्रामॅन ८०' १९८१ मध्ये संपली आणि त्यानंतर पंधरा वर्षं जपानात बनलेली, माणसांनी अभिनय केलेली नवी अल्ट्रामॅन मालिका टीव्हीवर आलीच नाही. मधल्या काळात एक ऑस्ट्रेलियात झाली, एक अमेरिकेत झाली. सप्टेंबर १९९६ मध्ये 'अल्ट्रामॅन टिगा' आली, ५२ भाग चालली, आणि तिने जुनी चौकट सरळ बाजूला ठेवली. जुन्या अल्ट्रामॅनांचं घर असलेला एम-७८ तेजोमेघ नाही, अल्ट्रा बंधू नाहीत, आकाशातून येणारा पाहुणा नाही. तीन कोटी वर्षांपूर्वीच्या एका पिरॅमिडमध्ये तीन महाकाय पुतळे उभे आहेत. गोल्झा आणि मेल्बा हे दोन राक्षस त्यातले दोन पुतळे फोडतात. तिसऱ्यात दाइगो नावाचा एक साधा पोरगा प्रकाश होऊन शिरतो आणि टिगा उभा राहतो. म्हणजे महाकाय देह आधीपासून आहे, पण त्यात जीव घालायला माणूस लागतो. सगळी गंमत इथे आहे.

ट्रिगर ही टिगाच्या पंचविशीला आणि पहिल्या अल्ट्रामॅनच्या पंचावन्नाव्या वर्षी केलेली नवी मांडणी. त्यात काय काय आहे बघा. तीच तीन रूपं: मल्टी, पॉवर, स्काय. तीच ५३ मीटर उंची. तीन कोटी वर्षांपूर्वीची युझारे नावाची स्त्री. गट्स नावाचं पथक, फक्त पुढे 'सिलेक्ट' लावलेलं. पहिल्याच भागात मंगळावर जो राक्षस येतो त्याचं नाव गोल्बा, गोल्झा आणि मेल्बा एकत्र करून बनवलेला. अंधाराचे तीन महाकाय: कार्मिआरा, डार्गोन, हुड्राम. ज्यांनी २००० सालचा टिगाचा 'द फायनल ओडिसी' चित्रपट पाहिलाय त्यांना ही त्रयी लगेच ओळखू येईल. टिगा पूर्वी अंधाराच्या बाजूचा होता आणि कामिला (कार्मिआराचं मूळ रूप) त्याची प्रेयसी होती, हे सगळं त्या चित्रपटातलं. माझं तर म्हणणं आहे की ट्रिगरने मूळ मालिकेपेक्षा त्या चित्रपटातूनच जास्त उचललंय.

माझी तक्रार उचलण्याबद्दल नाही. तक्रार अशी की जे ओळखीचं होतं ते घेतलं आणि जे महत्त्वाचं होतं ते ठेवून दिलं.

एकच उदाहरण देतो. ग्लिटर, म्हणजे टिगाचं शेवटचं झळाळतं रूप. टिगाच्या शेवटून दुसऱ्या भागात गातानोझोआ हा राक्षस टिगाला हरवतो, दगड करून समुद्रात पाडतो. जगावर अंधार. शेवटच्या भागात माणसं यंत्रं लावून, जीव धोक्यात घालून त्या दगडाला प्रकाश द्यायचा प्रयत्न करतात, तोही फसतो. आणि मग मुलं. कुठली कुठली मुलं, त्यात गट्स पथकाच्या कॅप्टन इरुमाचा मुलगाही, स्वतःच प्रकाश होऊन टिगात शिरतात. त्या उजेडात दाइगोच्या आजूबाजूला मुलं उभी आहेत आणि त्याच्याबरोबर ठोसा मारताहेत. ५२ भागांच्या मालिकेत ग्लिटर टिगा एकदाच येतो, काही मिनिटांपुरता. त्याच्यासाठी वर्षभर वाट बघायला लावलेली असते.

ट्रिगरमध्ये ग्लिटर १२ व्या भागात येतो. चक्क मध्यावर. नाव 'ग्लिटर ट्रिगर इटर्निटी', सोबत नवी तलवार, आणि पुढे हवा तेव्हा हजर. ट्रिगर होणाऱ्या नायकाला, केन्गोला, तीन कोटी वर्षं मागे जाऊन स्वतःच्या अंधाराला सामोरं जावं लागतं हे मान्य, तो भाग चांगलाच बांधलाय. पण तो एकट्या केन्गोचा पराक्रम आहे. ज्या गोष्टीला टिगात सगळ्या जगातली मुलं लागली ती इथे नायकाची पदोन्नती झाली.

चोपा मला. पण आधी मालिका बघून या.

कोपऱ्यातला

बसलोय. खुर्ची पुढे ओढली आहे.

रबरीसूट

गोल्झाभाऊ, लेख फक्कड. पण तुम्ही कथेचे भक्त, मी मारामारीचा. त्यामुळे माझा हिशेब वेगळा निघतो.

ट्रिगरचा मुख्य दिग्दर्शक कोइची साकामोतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी लहानपणी शाळेतून आल्यावर हिंदीत डब केलेले पॉवर रेंजर्स बघितलेत. त्या पॉवर रेंजर्सवर हा माणूस अनेक वर्षं होता, अमेरिकेत आणि मग न्यूझीलंडमध्ये. स्टंटच्या धंद्यातून वर आलेला. नंतर जपानात परतून त्याने अल्ट्रामॅनही केले, २०१७ ची 'गीड' त्याचीच. त्यामुळे ट्रिगरमधली हाणामारी बघताना तुम्हाला 'हे कुठेतरी पाहिलंय' असं वाटलं असेल तर ते उगाच नाही. कॅमेरा महाकायाभोवती गरगर फिरतो, माणसं तारांवरून उडतात, मागे स्फोट. आणि साकामोतोच्या कुठल्याही मालिकेत बायकांना हाणामारी करायला मिळते. इथेही पथकातल्या हिमारी नानासेला मिळालीय, मस्त मिळालीय.

आता ज्यांना या प्रकाराची तांत्रिक बाजू माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. ५३ मीटरचा महाकाय साकारतो कोण, तर पावणेदोन मीटरचा एक माणूस रबरी पोशाख घालून. म्हणजे साधारण तीस पट. वस्तू पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. तीसचं वर्गमूळ साडेपाचच्या आसपास. म्हणजे छोट्या प्रतिकृतीची पडलेली भिंत खरोखर उंच इमारतीची वाटावी असं हवं असेल तर चित्रण पाचपट वेगाने करून साध्या वेगाने दाखवायला हवं. पण मग आतला माणूस पाण्यात चालतोय असं दिसतं आणि मारामारीतला जोर जातो. म्हणून प्रत्येक दिग्दर्शक मधलं काहीतरी पकडतो. टिगाने वजनाच्या बाजूने पकडलं. तिथे ठोसा लागला की राक्षस हळू कलंडतो, मागे इमारत हळू बसते, धूळ हळू वर येते. साकामोतोने वेगाच्या बाजूने पकडलं. ट्रिगरचे महाकाय चपळ आहेत, पण ५३ मीटरचे वाटत नाहीत. मला मजा आली. धाक नाही वाटला.

पहिल्या भागातला मंगळ मात्र बघाच. लाल मातीत उभा केलेला तो पिरॅमिड आणि त्यात गोल्बा, हे मोठ्या पडद्यावर बघायला हवं होतं.

चिंगीची आई

मी टिगा पाहिलेली नाही. (थांबा, दगड खाली ठेवा.) ट्रिगर मात्र लेकीबरोबर संपूर्ण पाहिली, ती तेव्हा पहिलीत होती. त्यामुळे माझं मत तिच्या बाजूने.

तुम्हा सगळ्यांना केन्गो मनाका 'स्माइल स्माइल' करत फिरतो ते खुपतं असं दिसतंय, या आधीही दोनतीन धाग्यांवर वाचलं. अहो, मुलांना तो फार आवडतो. तो सैनिक नाही, झाडांचा अभ्यास करणारा आहे. मंगळावर वाढलाय, तिथून कुंडीत एक झुडूप घेऊन पृथ्वीवर येतो, लुलुइए की काय नाव त्याचं. पथकात सगळे हाणामारीला निघाले की हा आधी समोरच्याशी बोलायला बघतो. माझ्या लेकीने त्यावर बाल्कनीतल्या कुंडीचं नाव लुलुइए ठेवलं. आहे ती तुळस, पण असो.

आणि डार्गोन! अंधाराचा योद्धा, अंगाने राक्षस, आणि पथकातली युना त्याला घाबरत नाही एवढ्यावरून त्याला तिच्याबद्दल काहीतरी वाटायला लागतं आणि ते काय आहे हेच त्याला कळत नाही. प्रत्येक वेळी तो आला की घरात आरडाओरडा. इग्निसवर पण घरातल्या सगळ्यांचा जीव. खजिना शोधणारा चोर, 'गोकुजो!' म्हणत येतो, सगळ्यांची थट्टा करतो, आणि हळूहळू कळतं की हुड्रामने त्याचा अख्खा ग्रह संपवलाय. तो ट्रिगर डार्क, म्हणजे ट्रिगरचं अंधारातलं रूप, होतो तेव्हा आधी स्वतःवर ताबाच राहत नाही. माझ्या मते ही मालिका इग्निसची आहे.

गोल्झा, तुम्ही जे उचललंय म्हणताय ते मला माहीतच नव्हतं. पण डार्गोन-युना आणि इग्निस हे टिगात होते का?

गोल्झा_९६

नव्हते. इग्निससारखं पात्र तर टिगात कुठेच नाही. आणि ताई, तुम्ही नकळत माझ्याच मुद्द्याला टेकू दिलात. जिथे ट्रिगर टिगाकडे बघत नाही तिथे ती चांगली आहे.

तुळशीला लुलुइए म्हणणाऱ्या चिंगीला माझा दंडवत सांगा.

तिसरी घंटा

धागा वाचतेय. मी नाटकवाली, त्यामुळे मला हे सगळं फार ओळखीचं वाटतंय. जुनं संगीत नाटक पुन्हा उभं करतात तेव्हा काय होतं? पाच अंकांचं दोन अंकांत बसवायचं, मध्यंतर वेळेत व्हायला हवं. मग काय राहतं, तर गाजलेली पदं. लोक त्यासाठीच तिकीट काढतात. जातं काय, तर दोन पदांच्या मधलं सगळं, ज्याच्यामुळे ते पद त्या पात्राच्या तोंडी शोभत होतं. पद सुरू झालं की टाळ्या पडतात आणि टाळी कशाला पडली हे कुणी विचारत नाही.

ट्रिगरचं तेच झालंय. ५२ भागांचं २५ भागांत. ग्लिटर हे पद आहे, युझारे हे पद आहे, तीन रूपं हे पद आहे.

पण यात सगळा दोष लिहिणाऱ्यांचा धरू नका. २०१३ च्या 'गिंगा'पासून या मालिकांचं गणित ठरून गेलंय. हल्ली जुलैत सुरू, जानेवारीत संपणार, आणि मधे खेळण्यांचा डिसेंबर. नवी चावी, नवी तलवार, नवं रूप, हे अमुक आठवड्यात आलंच पाहिजे. ट्रिगरचं गट्स स्पार्कलेन्स म्हणजे बंदूक आणि रूपांतराचं साधन एकातच, वर हायपर की बदलत राहायच्या. टिगाचा स्पार्कलेन्स एकच. ग्लिटर मध्यावर का आला? कारण शेवटच्या भागात आला असता तर त्याचं खेळणं जानेवारीच्या शेवटी दुकानात आलं असतं. तेव्हा कोण घेणार?

उगाचच

एक शंका. रबरी ड्रेस घातलेल्या माणसांवर पस्तिशी-चाळिशीतली माणसं इतकं लिहितात? वेळ कुठून मिळतो बुवा?

कोपऱ्यातला

@उगाचच, तुम्हाला प्रतिसाद द्यायला मिळाला ना, तिथूनच.

रबरीसूट

हहपुवा.

उगाचचसाहेब, तुमच्या वयाचा अंदाज घेऊन विचारतो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबो' लागायची ती आठवते? मनगटावरच्या घड्याळात बोलून महाकाय रोबो बोलावणारा तो मुलगा? ती १९६७ ची तोएईची जपानी मालिका, २६ भागांची. अल्ट्रामॅन यशस्वी झाला म्हणून जी लाट आली त्यातलीच. ती बघताना तुमच्या पिढीला वेळ मिळत होता. तेव्हापासून आम्हालाही मिळतोय.

उगाचच

जायंट रोबो आठवते. शेवटी तो उल्केवर जाऊन फुटतो तेव्हा आमच्या चाळीत दोन पोरं रडली होती. मी नव्हतो त्यात. (होतो.) चालू द्या तुमचं.

सांजवारा

मी जरा गोल्झाच्या मूळ मुद्द्याला हात घालते, कारण तो अर्धाच बरोबर आहे.

तुम्ही म्हणता दाइगो हा 'साधा पोरगा'. नाही हो. दाइगोमध्ये त्या प्राचीन लोकांचा अंश आहे, जनुकात उतरलेला, म्हणून तर त्याला प्रकाश होता येतं. हे मालिकेतच सांगितलंय. तेव्हा टिगा म्हणजे 'कुणीही', आणि ट्रिगर म्हणजे 'निवडलेला', अशी विभागणी करता येत नाही. दोघेही निवडलेलेच.

दुसरं. केन्गोचं रहस्य काय आहे ते तुम्ही लिहिलंच नाही आणि मला तर तो मालिकेचा सर्वांत धाडसी विचार वाटतो. केन्गोला ट्रिगर सापडत नाही, केन्गो हाच ट्रिगर आहे. तीन कोटी वर्षांपूर्वीचा तो प्रकाशच माणूस होऊन वाढलाय. टिगात माणूस प्रकाश होतो. ट्रिगरमध्ये प्रकाश माणूस होतो. ही नक्कल कशी? हे तर मूळ वाक्य उलटं वाचणं झालं. आणि म्हणूनच तो सारखा हसतो, सारखा 'सगळ्यांना हसवायचंय' म्हणतो. जन्मजात माणूस असलेल्याला असं घोकावं लागत नाही. जो माणूस व्हायला शिकतोय तोच घोकतो. त्याचं 'स्माइल स्माइल' मला त्या प्रकटीकरणानंतर एकदम वेगळं ऐकू यायला लागलं.

आता टिगावाल्यांनी बोला.

तिसरी घंटा

सांजवारा, हे भारी आहे. मला सुचलं नव्हतं.

गोल्झा_९६

@सांजवारा, तुमच्या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. आता भांडतो.

जनुकांचा मुद्दा. बरोबर, दाइगोमध्ये तो अंश आहे. पण टिगाने तो मुद्दा मांडून स्वतःच खोडलाय, आणि दोनदा. पहिल्यांदा ४३-४४ व्या भागांत. मासाकी केइगो नावाचा शास्त्रज्ञ. त्याच्यातही तोच अंश. हुशार, आत्मविश्वासाने भरलेला, आपणच महाकाय व्हायला लायक आहोत अशी खात्री असलेला. त्याला एक पुतळा मिळतो, तो दाइगोचा स्पार्कलेन्स वापरून त्यात शिरतो आणि होतो काय, इव्हिल टिगा. शक्ती पेलवत नाही, शहरभर थैमान घालतो. म्हणजे रक्तात असून भागत नाही. दुसऱ्यांदा शेवटच्या भागात. त्या मुलांच्यात कुठला प्राचीन अंश? काही नाही. तरी ती प्रकाश होतात. म्हणजे रक्तात नसलं तरी चालतं. आणि सगळं संपल्यावर स्पार्कलेन्स दाइगोच्या हातात दगड होऊन विरून जातो. दाइगोला त्याचं वाईट वाटत नाही, कारण माणूस स्वतःच्या बळावर प्रकाश होऊ शकतो हे त्याला कळलेलं असतं. निवडलेला असणं हे कथेचं सुरुवातीचं गृहीतक होतं, ५२ भाग खर्चून ते मोडलं. याला मी लेखन म्हणतो.

आता तुमचा दुसरा मुद्दा, प्रकाश माणूस होतो. विचार म्हणून मान्य, शंभर टक्के मान्य. पण पडद्यावर त्याला मिळालंय काय? केन्गोला आपण कोण हे कळल्यावर तो हादरतो, आई समजावते, मित्र समजावतात, आणि फार वेळ न जाता तो पुन्हा 'स्माइल स्माइल'. माणूस व्हायला शिकतोय तर एखादं तरी असं काही दाखवा ना की जे माणसाला येतं आणि याला येत नाही. कुणावर चिडतो, खोटं बोलतो, कुणाचा हेवा करतो? पथकातल्या अकितोला युना आवडते, त्यावरून थोडं काही निघालं असतं. दाइगोकडे बघा. तो भित्रा आहे, चुकतो, एकटाच ओझं वाहतो. ५० व्या भागात विमानात पथकातली रेना त्याला कळू देते की तिला सगळं ठाऊक आहे, आणि विचारते की तू एकट्यानेच का सोसतोस. तो प्रसंग उभा राहतो कारण आधीचे ४९ भाग त्याने कुणाला सांगितलेलं नसतं. ट्रिगरमध्ये अकितोला सुरुवातीपासून माहीत, स्पार्कलेन्सच त्याने बनवलेला. मग केन्गोला एकटेपण येणार कुठून?

आणि एक गोष्ट, जी कुणीच काढली नाही. कॅप्टन. १९९६ मध्ये टिगाने गट्सची कॅप्टन बाई केली, इरुमा मेगुमी. अल्ट्रामॅनच्या तीस वर्षांत पहिल्यांदा. तिला मुलगा आहे, नोकरीपायी त्याला वेळ देता येत नाही, त्याची खंत आहे, आणि तरी निर्णय घेताना आवाज चढत नाही. तोच मुलगा शेवटी प्रकाश होणाऱ्या मुलांमध्ये असतो. २०२१ मध्ये टिगाची नवी मांडणी करताना कॅप्टन पुन्हा पुरुष. तात्सुमी माणूस चांगला आहे, माझं त्याच्याशी वैर नाही. पण टिगातली सगळ्यांत पुढची गोष्ट कुणाला 'टिगाची खूण' वाटलीच नाही. अंगावरचा जांभळा रंग वाटला.

चिंगीची आई

कॅप्टनचा मुद्दा पटला. आता टिगा बघावी लागणार. अभ्यासाच्या वेळेत लेकीला पत्ता लागू न देता.

सोशिगायाकर

टोकियोहून हजेरी. नावावरून कळलंच असेल, आमचं स्टेशन सोशिगाया-ओकुरा, ओदाक्यू मार्गावर. स्टेशनबाहेर पडलं की समोर अल्ट्रामॅनचा पुतळा, आणि पुढच्या तीन बाजारगल्ल्यांना मिळून नावच अल्ट्रामॅन बाजार. दिव्याचे खांब अल्ट्रामॅनच्या डोक्याच्या आकाराचे. अल्ट्रामॅन बनवणारी त्सुबुराया कंपनी पूर्वी इथून जवळच किनुता भागात होती आणि तिचे संस्थापक एइजी त्सुबुरायाही याच बाजूला राहायचे. मी येतोजातो नोकरीच्या घाईत, पण गावाकडून पाहुणे आले की फोटो तिथेच.

चर्चेत दोन गोष्टी घालतो.

टिगाचा नायक हिरोशी नागानो हा व्ही-सिक्स या गायकगटातला, टिगाचं 'टेक मी हायर' हे शीर्षकगीतही त्याच गटाचं. ट्रिगर चालू असतानाच, १ नोव्हेंबर २०२१ ला, व्ही-सिक्स विसर्जित झाला. इथे त्या आठवड्यात सगळीकडे तोच विषय. ट्रिगरच्या उत्तरार्धात टिगा प्रत्यक्ष येतो हे तुम्हाला आठवत असेल. टिगा येतो, नागानो येत नाही. इथले माझ्या वयाचे लोक तो भाग बघून खूशही झाले आणि चुटपुटलेही.

आणि शिझुमा मित्सुकुनी, युनाचे वडील. ते मुळात टिगाच्या विश्वातून इकडे आलेत हे जेव्हा उघड होतं तेव्हा मला मालिकेचा हेतू वेगळा दिसला. ट्रिगर म्हणजे टिगाची जागा घेणारी कथा नाही. टिगा घडून गेलाय, दुसऱ्या विश्वात, आणि तिथल्या एका माणसाने ती आठवण सोबत आणलीय. त्याने इथल्या पथकाला गट्सचं नाव दिलं. मग सारखेपणा असणारच. गोल्झा, तुमच्या अर्ध्या तक्रारी या एका पात्राने निकालात निघतात.

रबरीसूट

सोशिगायाकर, मुद्दा चलाख आहे, पण तो मला पळवाटेसारखा वाटतो. पात्राने नावं उसनी घेतली म्हणून लेखकाने घेतली नाहीत असं होत नाही.

तुमच्या बाजाराचा हेवा वाटतो मात्र.

अवांतर: त्सुबुराया आणि टिगा यावरून आठवलं. टिगाचा ४९ वा भाग कुणी पाहिलाय? दाइगो भूतकाळात १९६५ च्या आसपास पोचतो, त्सुबुराया प्रॉडक्शन्समध्ये. तिथे लेखक किंजो तेत्सुओ नव्या मालिकेच्या कल्पनेसाठी डोकं खाजवतोय आणि स्वतः एइजी त्सुबुराया आहेत. तो भाग लिहिला शोझो उएहाराने. किंजो आणि उएहारा दोघेही ओकिनावाचे, पहिल्या काळातले सहकारी. किंजो १९७६ मध्ये गेला. वीसेक वर्षांनी मित्राने त्याला टिगाच्या भागात जिवंत केला. जुन्याला मानवंदना द्यायची तर ती अशी. एक भाग, एक माणूस, काम झालं.

सांजवारा

हा ४९ वा भाग बघून मी बाहेर येऊन चहा केला होता, आत बसवेना.

पण मग 'डेकर'चं काय? ट्रिगरनंतर लगेच २०२२ मध्ये आली, त्याच विश्वात, आणि १९९७ च्या 'डायना'च्या पंचविशीला. तीही नवी मांडणीच. तरी तिच्यावर 'नक्कल' असा शिक्का बसला नाही. का?

गोल्झा_९६

कारण डेकरने डायनाचं सामान घेतलं नाही, प्रश्न घेतला. डायनामध्ये स्फिअर हे शत्रू होते आणि माणूस अवकाशात पुढे पुढे चाललेला होता. शेवटी तिचा नायक आसुका त्या प्रवासातच नाहीसा होतो. डेकरने तेच स्फिअर आणले आणि उलटं केलं. स्फिअर पृथ्वीला वेढा घालतात, कुणाला बाहेर जाता येत नाही, बाहेरच्याला आत येता येत नाही. २०२२ मध्ये हे बघणाऱ्याला कशाची आठवण झाली असेल ते सांगायला नको. अवकाश गाजवणाऱ्या मालिकेची नवी आवृत्ती, आणि तिचा नायक घरात अडकलेला. कानाता आजोबांच्या सेन्बेईच्या दुकानात तांदळाच्या चकत्या भाजतो. आसुकासारखा बेफिकीर उडाणटप्पू नाही, 'आत्ता हातात आहे ते करू' म्हणणारा. खलनायक आगाम्स भविष्यातून येतो तो बायको गमावल्याच्या दुःखातून. डायना न पाहिलेल्यालाही हे सगळं लागतं. पाहिलेल्याला जास्त लागतं.

हेच ट्रिगरला जमलं असतं. सांजवारा, तुमचं 'प्रकाश माणूस होतो' हे वाक्य धरून २५ भाग बांधले असते आणि गोल्बा, ग्लिटर, जांभळा रंग सगळं सोडून दिलं असतं तर आज मी इथे उलटा धागा काढला असता.

सांजवारा

म्हणजे आपण एकमत झालो?

गोल्झा_९६

अजिबात नाही. तुम्ही ट्रिगरला दहापैकी किती द्याल?

सांजवारा

सात.

गोल्झा_९६

पाच. त्यातले दोन इग्निसचे.

तिसरी घंटा

मला शेवट आवडला होता, तेवढं लिहून ठेवते. केन्गो इटर्निटी कोअर नावाच्या जमिनीखालच्या शक्तिकेंद्रात राहतो, जग वाचावं म्हणून. विजयाचा जल्लोष नाही, मित्र ठरवतात की आपण याला परत आणायचं. मार्च २०२२ च्या 'एपिसोड झेड' चित्रपटात तो परत येतो म्हणून त्याची धार थोडी जाते. पण झाडं लावणारा पोरगा स्वतःच जमिनीखाली रुजून बसतो, ही कल्पना कुणाच्या डोक्यातून आली असेल त्याला माझ्याकडून टाळी. ती टिगातून उचललेली नाही.

कोपऱ्यातला

इतकं वाचून मला आता बघायची आहे. आधी काय? टिगाचे ५२ बघून मग ट्रिगर, की उलटं?

चिंगीची आई

मुलं बरोबर असतील तर ट्रिगर आधी. टिगा आधी दाखवलीत तर ट्रिगर बघताना शेजारी तुम्ही 'हे असं नव्हतं' म्हणत बसाल आणि मुलं उठून जातील.

रबरीसूट

एकटे असाल तर टिगा. सगळी नको असेल तर १, २, ३, मग ३७ आणि ४० (हे दोन दिग्दर्शक अकिओ जिस्सोजीचे, प्रकाशयोजना बघा फक्त), ४३-४४, ४९, आणि ५० ते ५२ सलग. मधे जेवायला उठू नका. मग 'फायनल ओडिसी'. मग ट्रिगर.

गोल्झा_९६

रबरीसूटला अनुमोदन, फक्त ट्रिगरनंतर लगेच डेकर लावा. आणि ट्रिगरचे ७ आणि ८ हे भाग बघण्याआधी 'अल्ट्रामॅन झेड' पाहिलेली असली तर बरं, कारण त्यात झेड आणि झेड होणारा हारुकी दोघेही येतात आणि कुणी काही समजावून सांगत नाही.

झेडवर वेगळा धागा काढतोय. जुन्या खलनायकाला, जगलरला, कॅप्टन करण्यावर मला बरंच बोलायचंय, ते इथे नको.